नीट, पहिल्यापासून सांग

पुण्यात एखाद्याला वेडा म्हणायचं असेल तर 'वेडा' हा शब्द वापरावा लागत नाही. "येरवड्याला नेऊन टाका ह्याला" एवढं म्हटलं की पुरतं. मी येरवड्यात राहतो आणि नोकरीही येरवड्यातच करतो, त्यामुळे हा विनोद महिन्यातून तीन-चारदा तरी कानावर पडतो. कुठे राहतोस, येरवडा. की समोरच्याचा ठरलेला प्रश्न, "आत की बाहेर?" त्यात 'आत'चे पर्याय पुन्हा दोन, एक तुरुंग आणि एक मनोरुग्णालय. घर भाड्याने देणारे एजंट तर येरवडा हा शब्दच उच्चारत नाहीत. त्यांच्या लेखी आम्ही सगळे 'कल्याणीनगरच्या अगदी जवळ' राहतो :) असो. आजचा विषय सिनेमा आहे, पण तो ह्या मनोरुग्णालयाच्या भिंतीपासून फार लांबचा नाही, म्हणून आधी पत्ता सांगितला.

सिनेमा 'देवराई'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्या जोडीने केलेला, २००४ चा. अतुल कुलकर्णी झालाय शेष देसाई, सोनाली कुलकर्णी त्याची बहीण सीना आणि देविका दफ्तरदार कल्याणी. शेषला स्किझोफ्रेनिया आहे. कोकणातल्या त्याच्या गावाला एक देवराई आहे आणि ती त्याच्या डोक्यातून जात नाही. सीना त्याला सांभाळायची धडपड करते. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण ती सरळ सांगितलेली नाही. गाव आणि शहर, तेव्हाचं आणि आत्ताचं, त्याच्या डोक्यातलं आणि तिच्या आठवणीतलं, सगळं एकमेकांत शिरत राहतं. जंगल, अंधार, पानांचे आवाज. मध्येच लक्षात येतं की आपण कुठे आहोत हे आपल्याला दोन मिनिटं माहीतच नव्हतं.

हा सिनेमा गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच लोकांना जवळजवळ जबरदस्तीने दाखवलाय. ऑफिसमधले, कॉलेजमधले, त्यांच्या घरचे. आणि प्रतिक्रिया इतक्या ठरलेल्या येतात की हल्ली कोण काय म्हणणार हे मी सुरुवातीलाच मनातल्या मनात सांगून मोकळा होतो. आज त्या प्रतिक्रियांशीच भांडायचंय.

"फार संथ आहे रे" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. शुक्रवारी रात्री डोकं शिणलेलं असतं, समोर कुणीतरी झाडांकडे बघत बसलंय, आपल्याला झोप येते. माणूस प्रामाणिकपणे घोरतो, सकाळी चहा पिऊन घरी जातो. ठीक आहे. अर्धा सिनेमा फोनमध्ये डोकं घालून नंतर "काही कळलंच नाही" म्हणणाऱ्यांबद्दल मात्र न बोललेलंच बरं.

माझा खरा वैताग आहे तो हुशार लोकांवर. म्हणजे आपल्यावर, आयटीवाल्यांवर. सिनेमा संपल्या संपल्या पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नक्की झालं काय? ह्यातलं खरं काय आणि भास काय?" मग एकजण कागद घेतो, एक आडवी रेघ मारतो आणि प्रसंग क्रमाने लावायला बसतो. हा आधीचा, हा नंतरचा, हा बहुतेक त्याच्या डोक्यातला. पंधरा-वीस मिनिटं जोरदार चर्चा होते, दोन प्रसंगांवरून वाद होतो, शेवटी सगळं एका रेघेवर बसतं आणि चेहऱ्यांवर बिल्ड पास झाल्याचं समाधान पसरतं. सुटला! आता जेवायला काय मागवायचं?

'मेमेंटो' पाहून हे करा, माझी काही हरकत नाही. तो सिनेमा बांधलाच कुलपासारखा आहे. त्याच्या एका डीव्हीडीत प्रसंग सरळ क्रमाने लावून बघायची छुपी सोयसुद्धा होती. पण 'देवराई' सरळ क्रमाने लावून हातात काय येतं? एक मुलगा होता, त्याचं एका जंगलावर प्रेम होतं, तो आजारी पडला. हे तर पोस्टरवरून कळतं! दोन तास जे आपल्या अंगावर येत होतं ते सगळं त्या कागदावरून गळून गेलेलं असतं. कारण त्या सिनेमातली उलटापालट म्हणजे लपवलेलं उत्तर नव्हेच. ती आपल्याला सीनाच्या जागी बसवायची युक्ती आहे. आपला सख्खा भाऊ समोर बसलाय, बोलतोय, आणि त्याच्या बोलण्यातलं कुठलं आज घडलेलं, कुठलं दहा वर्षांपूर्वीचं आणि कुठलं कधीच न घडलेलं हे तिला कळत नाही. तरी तिला त्याला जेवायला वाढायचंय, घरातल्यांची तोंडं बघायचीयत, उद्याचा दिवस काढायचाय. आधी टाइमलाइन मग जेवण, अशी सोय तिला नाही. आपल्याला ती दोन तास नसते, आणि नेमकी त्याचीच आपल्याला चीड येते.

आपल्या घरांतून एक वाक्य रोज बोललं जातं. "नीट, पहिल्यापासून सांग." शाळेतून रडत आलेल्या पोराला आपण हेच म्हणतो, घाबरून फोन करणाऱ्या मित्राला हेच, आणि आजारी माणसालाही हेच. ते प्रेमानेच म्हणतो हो. पण ज्याच्या डोक्यातला 'पहिल्यापासून'च हरवलाय त्याने काय करायचं? स्किझोफ्रेनियात नुसते भास होतात असं नाही, विचारांचा सांधाच निखळतो. एका वाक्याचा दुसऱ्या वाक्याशी असलेला जो संबंध आपण गृहीत धरतो, तोच सुटतो. अशा माणसाकडे आपण बग रिपोर्ट मागतो. स्टेप्स टू रिप्रोड्यूस लिही, मग बघतो. आणि सिनेमाकडेही आपण तेच मागितलं. दोन्हीकडे सूर एकच की गोष्ट माझ्या सोयीने सांगितलीस तर ऐकेन.

हे हवेतलं बोलणं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो (नाव जाऊ दे), तिथे एकाला वाटायला लागलं की आपले मेल कुणीतरी वाचतंय. आधी चेष्टा झाली. मग टीममधल्या एका सज्जनाने चक्क सर्व्हरचे लॉग काढून त्याला दाखवले. हे बघ, कुणी वाचत नाहीये. झालं समाधान? कसलं समाधान, दुसऱ्या दिवशीपासून लॉग दाखवणाराही संशयितांच्या यादीत. मॅनेजरने 'फोकस' ह्या विषयावर एक मीटिंग घेतली. महिन्याभरात त्याची खुर्ची रिकामी झाली. आणि कॅन्टीनमध्ये विनोद काय, तर तोच, येरवड्याचा. डॉक्टर घरच्यांना सांगतात की भ्रमाशी पुराव्यांनी वाद घालू नका आणि होला होही मिळवू नका, त्याला वाटणारी भीती खरी आहे एवढं धरून बोला. म्हणजे 'खरं काय' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायला शिका. 'देवराई' आपल्याकडून दोन तास नेमकं एवढंच मागतो, आणि आपण आडवी रेघ मारायला कागद शोधतो.

"पण 'अ ब्यूटिफुल माइंड' बघ ना, तोही ह्याच विषयावर आहे, किती क्लिअर आहे!" हे वाक्य प्रत्येक वेळी येतं. २००१ चा सिनेमा, चार ऑस्कर, आणि नायक गणितज्ञ, म्हणजे आमच्या जमातीचा लाडकाच. क्लिअर आहे, कबूल. पण तो क्लिअर कशामुळे आहे ते बघा. त्यात नॅशला माणसं दिसतात, आपल्यालाही दिसतात, आणि सिनेमाच्या मध्यावर आपल्याला सांगितलं जातं की ह्यातली अमुक अमुक माणसं खोटी. झालं! तिथून पुढे आपण सुरक्षित. नॅशला कळत नसेल, आपल्याला कळतं. खऱ्या जॉन नॅशला दिसायची नाहीत माणसं, त्याला आवाज ऐकू यायचे. पण आवाजाला चेहरा नसतो, त्यामुळे त्यात धक्का देता येत नाही. मग चेहरे घातले. त्याने खरं तर १९७० नंतर औषधं घेतली नव्हती, सिनेमात मात्र तो नवी औषधं घेत असल्याचं म्हणतो. (हा बदल का केला असेल ते समजू शकतो. सिनेमा बघून कुणी गोळ्या बंद केल्या तर? गोळ्या लागतात, आणि 'देवराई'चंही त्याबाबतीत वेगळं म्हणणं नाही.) सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो आजाराचं कोडं करून आपल्या हातात देतो आणि तासाभराने सोडवूनही देतो. त्या सवयीने आपण 'देवराई'कडे गेलो तर हात रिकामेच राहणार.

तिसऱ्या गटावर माझा राग जास्त आहे, आणि हे लोक तर सिनेमाची स्तुती करणारे. "खूप छान मेसेज आहे. सगळ्यांनी बघायला हवा. अवेअरनेस वाढेल." सगळ्यांनी म्हणजे नेमकं कुणी हो? बोलणारा त्या सगळ्यांत नसतो. त्याच्याकडे अवेअरनेस आधीपासूनच आहे, आता तो इतरांना वाटायचा तेवढा राहिलाय.

इथे माझ्याशी वाद घालायला चांगला मुद्दा आहे, आणि तो एका मित्राने घातलाही. तो म्हणाला, हा सिनेमा अवेअरनेससाठीच तर काढला होता. बरोबर आहे. 'देवराई'च्या मागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेले, स्वतःच्या घरात हा आजार जवळून पाहिलेले, १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे. सुमित्रा भावे तर मूळच्या समाजकार्य क्षेत्रातल्या. त्यांचं सिनेमातलं पहिलं पाऊलच, १९८५ चा 'बाई' हा लघुपट, झोपडपट्टीतल्या बाईबद्दलचा. म्हणजे 'मेसेज'ची ॲलर्जी असलेली ही माणसं नव्हेत. पण मग विचार करा. एवढी वर्षं रुग्णांच्या घरच्यांमध्ये वावरलेल्या माणसांना लक्षणांची यादी करता आली नसती? आठ पानी पुस्तिका पुरली असती. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व नव्हे, एका शरीरात दोन माणसं राहत नाहीत, तो बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतो, औषधांनी आटोक्यात येतो. लिहिली की मी एका वाक्यात! त्यासाठी दोन तासांचं जंगल कशाला उभं करायचं? त्यांनी ते केलं, कारण घरी राहून राहून कळतं ते पुस्तिकेत मावत नाही हे त्यांना ठाऊक असणार. तुम्ही त्या जंगलातून फिरून बाहेर आलात आणि म्हणालात, वा, पुस्तिका छान आहे.

ह्यावरून एक गंमत. 'देवराई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. मनोविकारावरचा सिनेमा आणि बक्षीस झाडांचं! पण हल्ली वाटतं, ह्या बक्षिसाने सगळ्यात खूश कुणी झालं असतं तर शेष. कारण त्याचं म्हणणंच ते होतं. देवराई खरी असते हो. देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशा शेकडो राया होत्या आणि त्या तुटत चालल्या. १९७० च्या दशकात पुण्याच्याच माधव गाडगीळ आणि वर्तक ह्यांनी त्यांच्यावर शास्त्रीय काम केलं, तिथे इतरत्र संपलेली झाडं टिकून आहेत हे नोंदवलं. म्हणजे शेषच्या डोक्यात जे अखंड चालू आहे तो विषय काही भ्रम नव्हे. जंगल खरं, ते जाण्याची भीती खरी, आणि माणूस आजारी हेही खरं. आता काढा रेघ! अलीकडे खरं आणि पलीकडे भास, अशी विभागणी इथे चालत नाही, हीच तर सीनाची पंचाईत आहे. भाऊ पूर्णपणे चुकीचं बोलत असता तर तिचं काम सोपं होतं.

एक चौथी प्रतिक्रिया आहे, ती घाईत सांगतो. "अतुल कुलकर्णीने काय काम केलंय!" केलंय, जबरदस्त केलंय. पण सिनेमा संपल्यावर फक्त तेवढंच बोलणं म्हणजे घरून आलेलं पत्र वाचून अक्षर सुरेख आहे म्हणण्यासारखं आहे.

आता ह्यावर हमखास येणारा आक्षेप. "साध्या माणसाला कळेल असं काढायला नको का? हे सगळं तुमच्या फिल्म सोसायटीवाल्यांसाठी." हा 'साधा माणूस' कोण ते मला अजून भेटलेलं नाही, त्याच्या वतीने बोलणारे मात्र रोज भेटतात. एकदा आमच्या घोळक्यात एका मित्राची मावशी होती. सातवी-आठवी शिकलेली असेल, सिनेमे फारसे न पाहणारी. तिच्या दिरांना हा आजार होता, त्यांचं सगळं तिनेच केलेलं. आमची आडवी रेघ चालू होती तेव्हा ती गप्प बसून होती. मग कुणीतरी शिष्टाचार म्हणून विचारलं, मावशी, तुम्हाला कळला का? म्हणाली, "त्यात न कळण्यासारखं काय आहे? असंच असतं." आणि जरा थांबून, "ती बहीण झोपते कधी रे?"

खोलीत आठ इंजिनिअर होते. हा प्रश्न एकालाही पडलेला नव्हता.

तेव्हा कळण्याचा संबंध शिक्षणाशी किंवा फिल्म सोसायटीशी लावू नका. सिनेमा अवघड आहे तो आपल्यासाठी, ज्यांनी अशा माणसासोबत एक दुपारही काढलेली नाही त्यांच्यासाठी. आणि दुपार काढलेली नाही कारण तशी वेळ येऊ नये अशी व्यवस्था आपण करून ठेवलीय. आमच्या इथल्या मनोरुग्णालयाला शंभर वर्षं कधीच उलटून गेली, मंजूर खाटा २५४०. अशा रुग्णालयांतून बरे झालेले पण घरचं कुणी न्यायला न आल्यामुळे तिथेच राहिलेले लोक असतात. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय. २०२१ मध्ये तर कोर्टाने महाराष्ट्र सरकारला बजावलं की अशा लोकांना भिकारीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं बंद करा. घरी न्यायला कुणी येत नाही ह्याची कारणं शंभर असतील, गरिबी असेल, जागा नसेल, थकवा असेल, आणि मी बाहेर बसून कुणाला नावं ठेवणार नाही. पण ह्या माणसाचं बोलणं नीट पहिल्यापासून लागत नाही, म्हणून त्याच्याशी बोलायलाच नको, हेही त्यातलं एक कारण असणार.

आणि हे भिंतीपलीकडचं आहे ह्या समजातही राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांमध्ये साधारण २२२ जणांमागे एकाला हा आजार असतो. सुरू होतो तो अठरा ते तिशीच्या दरम्यान, म्हणजे आपल्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभं असणाऱ्यांचं वय. तुमच्या इमारतीत किती लोक काम करतात ते तुम्हाला माहीत असेल, भागाकार तुम्हीच करा.

सिनेमा पाहून माणूस सुधारतो ह्यावर माझा विश्वास नाही. 'देवराई' पाहिलेले लोकही येरवड्याचा विनोद करतात, मी ऐकलेत. माझं मागणं त्याहून लहान आहे. दोन तास न कळलेलं सहन करा. "आत्ता हे कुठे चाललंय मला माहीत नाही" ह्या अवस्थेत बसून राहा, पॉज करून शेजारच्याला विचारू नका, आणि संपल्यावर लगेच निकाल देऊ नका. न कळण्याची ही सवय सिनेमात फुकट करता येते. घरात करायची वेळ आली तर फार महाग पडते, ते मावशीला विचारा.

ह्याच जोडीच्या 'कासव'ला पुढे २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं, निर्मात्यांमध्ये डॉ. मोहन आगाशे, म्हणजे नटाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही. त्यात नैराश्यातला एक तरुण आहे आणि त्याला एका अनोळखी बाईचं घर मिळतं. तो पाहून आलेल्यांचा प्रश्न ठरलेला, "पण त्याला नैराश्य आलं कशामुळे?" एकच ठाम कारण सिनेमा हातात देत नाही, म्हणून मंडळी नाराज. रूट कॉज ॲनालिसिस न करता तिकीट बंद केलं! सिनेमातली ती बाई, जानकी, स्वतः त्यातून गेलेली आहे. तिलाही ते कारण ठाऊक नाही. ती त्याला आधी घरात घेते.

येत्या शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे 'कासव' लावतोय. जेवण आहे. कागद-पेन कुणी आणू नये.